मावशी, तू बोलायलाच पाहिजेस

लेस्टर, रविवार सकाळ

ती. मावशीस,
सुमनचा साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "दवाखान्यातल्या माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात मी काय बोलू माय? मी काय डॉक्टर हाय?" रात्रपाळी संपवून आले, पण झोप लागेना. म्हणून लिहायला बसले.

१९६६ साली डॉ. अशोक कुकडे, डॉ. ज्योत्स्नाताई आणि त्यांच्या सोबत्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू केलं, हे सगळे सांगतील. २०१९चं पद्मभूषणही सांगतील. पण त्याआधी आपल्याकडचा माणूस अंथरुणाला खिळला की काय व्हायचं, ते नव्या पोरींना कोण सांगणार? आजोबांना बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीतून मिरजेच्या मिशन दवाखान्यात नेलं होतं. आजीजवळ भाकरीचं गाठोडं होतं, आणि परत येऊ याचा भरवसा नव्हता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अशा गावात पुण्यात शिकलेले डॉक्टर येतात आणि राहतात, याचं मोल आजीला विचारायला हवं होतं.

तू १९८४ला दवाखान्यात कामाला लागलीस, तेव्हा मी सहा वर्षांची. सुट्टीच्या दिवशीही तू गॉजचा तागा घरी घेऊन यायचीस. चटईवर बसून चौकोन कापायचे, कडा आत दुमडायच्या. एक धागा बाहेर दिसला तरी उलगडून परत करायला लावायचीस. "जखमेत सूत राहिलं तर पू होतो, सुमे." मी नर्सिंग तिथेच शिकले, कॉलेजात नंतर.

आणि किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत. गणपती बोळवून लोक निजलेले, वरून माळवदाची दगडमातीची घरं बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. तू तीन दिवस घरी आली नाहीस. चौथ्या दिवशी आलीस तेव्हा लुगड्याला मातीचा वास होता आणि तू आईला एवढंच म्हणालीस, "तोंडातली माती काढतानाच हात थकले." त्यावर तू पुन्हा कधी बोलली नाहीस. बोलावंसं वाटलं तरच बोल. पण तेव्हा जवळ दवाखाना होता, हाताशी शिकलेल्या बायका होत्या, म्हणून कितीजण उठून घरी गेले, ते तरी सांग.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहूनच रेल्वेने लातूरला पाणी आलं. तू फोनवर म्हणाली होतीस, "बाळंतीण थांबत नाही ना, पाणी नसलं तरी." दवाखाना चालवणं म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात समजलं.

इथलं मोठं इस्पितळ १७७१ साली लोकांच्या वर्गणीतून सुरू झालं. सरकारी आरोग्यसेवा १९४८ला आली, म्हणजे हैदराबाद मुक्त झालं त्याच वर्षी. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका हे अभिमानाने सांगतात. तेव्हा मला तू आठवतेस, मावशी. आपल्या दवाखान्याचं असं सांगणारं कुणीतरी हवं. मी तर निघून आले. तू राहिलीस.

दिवाळीत येते आहे. अण्णांच्या गुडघ्याच्या गोळ्या बदलल्या असतील तर चिठ्ठीचा फोटो पाठव. आणि ती गॉज कापायची काळ्या मुठीची कात्री कुणाला देऊ नकोस, मला हवी आहे.

तुझी,
सुमन