सापळ्याचं तोंड कुठे होतं

स्विंडन, ९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्याने शाळेसाठी पणजोबांबद्दल लिहून मागितलंय. 'निसर्गप्रेमी होते' एवढंच त्याला देऊ नकोस. आजो तळ्यावर काय करायचे ते त्याला कळू दे.

आधी गाव नीट सांग. आपली करमळी तिसवाडीतली, जुन्या गोव्याजवळची, कोकण रेल्वेचं स्थानक आहे ती. सत्तरीतली ब्रह्मकरमळी वेगळी. पण तिथला ब्रह्मदेव मूळचा आपल्याच करमळीचा, सोळाव्या शतकात तिकडे नेलेला.

तुमच्या पोटमाळ्यावर आजोंचा मासे धरायचा बांबूचा सापळा आहे, तो खाली काढ. तोंडाशी कामट्या आत वळवून निमुळत्या केल्यात बघ. मासा टोकं सारून आत जातो, परतताना तीच टोकं त्याला आडवी येतात. दोन कामट्यांत करंगळी जाईल एवढी फट आहे, ती पिल्लं निसटावीत म्हणून. बांबू तीन वर्षांचा घ्यायचा. कोवळा असला तर सुकल्यावर आकसतो आणि बांधणी सैल पडते. तोडल्यावर महिनाभर पाण्यात बुडवून ठेवायचा. आतलं पिठूळ सत्त्व पाण्यात उतरलं की भुंगा सहसा लागत नाही. बांधायला काथ्याच. सुतळी पाण्यात लवकर कुजते.

पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध शेतांत चढतात. तेव्हा तोंड खालच्या अंगाला करून लावलं की सापळा गच्च भरतो. आजो त्या दिवसांत सापळा लावतच नसत. चढणीच्या मासळीच्या पोटात गाबोळी असते. ती वर पोचलीच नाही तर पुढे तळ्यात उरणार काय? पाऊस ओसरून पाणी उतरायला लागलं की ते सापळा लावायला काढायचे, आणि तोंड वरच्या अंगाला ठेवायचे. मासळी कमी मिळायची. माझ्या मते आजो कोण होते हे यातच आहे, आणि धाकट्याने दुसरं काही नाही लिहिलं तरी हे लिहावं.

वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, तळ्याचं पाणी सोडतानाही तसंच. दाराच्या फळ्या वरून एकेक काढायच्या. खालची आधी उपटली तर सगळा जोर तळाशी येतो, गाळ वाहून जातो आणि बांध पोखरतो. शिवाय तलवार बदकं डोकं बुडवून तळाचं खातात, त्यांना उथळ पाणी लागतं. तळं एकदम रिकामं झालं की ती जागा सोडतात. ती उत्तरेकडून थंडीपुरती येतात. अडई मात्र बारमाही. रात्री वरून शीळ गेली की आजो न बघता म्हणायचे, "अडई."

पावसाळ्यात कमळांच्या भागात ते होडी घालत नसत. कमळपक्ष्याचं घरटं पाण्यावर तरंगतं, नर एकटा अंडी उबवतो, आणि वल्ह्याच्या एका लाटेने अंडी घरंगळतात.

सापळ्याचा काथ्या आता कुजला असेल. नवा बांधायचा असेल तर आधी दोन-तीन दिवस सापळा पाण्यात बुडवून ठेव. सुकी कामटी वाकवली की तडकते.

भावोजींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझा भाऊ