भाषणापायी गेलेली खासदारकी

संसदेतून हकालपट्टीचा विषय निघाला की मला ह्यू मॅहन आठवतात. जन्म आयर्लंडमधला, १८५७ चा. पत्रकार होते, कुळांच्या हक्कांसाठीच्या जमीन चळवळीत पडले आणि १८८१ मध्ये आयरिश नेते पार्नेल यांच्यासोबत डब्लिनच्या किलमेनहॅम तुरुंगात गेले. सुटल्यावर ऑस्ट्रेलिया गाठली. तिथल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात वर्तमानपत्रे चालवली, १९०१ च्या पहिल्याच संसदेत मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि पुढे परराष्ट्रमंत्रीही झाले.

ऑक्टोबर १९२० मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारे, आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी लंडनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर वारले. मेलबर्नच्या सभेत मॅहन संतापून बोलले. ब्रिटिश सत्तेला त्यांनी रक्तपिपासू, शापित जुलूमशाही म्हटले. आठवडाही लोटला नाही तोच ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज यांनी ठराव आणून त्यांची खासदारकी घालवली. खटला नाही, न्यायालय नाही, नुसते बहुमत! पोटनिवडणुकीत त्यांच्या काल्गूर्ली मतदारसंघातल्या मतदारांनीही त्यांना पाडले.

आपल्याकडे २००५ मध्ये ११ खासदार गेले ते प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून. ती कारवाई मला योग्यच वाटते. पण सभागृहाबाहेरच्या भाषणासाठी मतदारांचा प्रतिनिधी बहुमताने हाकलणे हा उघड अन्याय आहे. ऑस्ट्रेलियाने १९८७ च्या कायद्याने सभागृहांचा हा अधिकारच काढून घेतला. आपल्या संसदेनेही निदान भाषणापुरती तरी अशी मर्यादा कायद्यात लिहून घ्यावी.

– एक वाचक, पुणे