खेळ सुरू होण्याआधीची सेगा

पुणे

प्रिय संदीप,

सप्रेम नमस्कार. तुझ्या नव्या गेमला सुरुवातीचा लोगो नकोच, लोक तसेही पुढे जायची घाई करतात, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून राहवत नाहीये. सेगा या जपानी गेम कंपनीची अख्खी कहाणी मला त्या काही सेकंदांतच दिसते, म्हणून हे पत्र.

सेगाचा 1991चा 'सॉनिक द हेजहॉग' आठव, सुसाट धावणाऱ्या निळ्या सॉनिकचा गेम. पांढऱ्या स्क्रीनवर निळी अक्षरं, त्यांवरून सरकणारी चमक आणि मग ते गायलेलं 'सेऽगाऽ'! जपानमधल्या टीव्ही जाहिरातींतून उचललेलं. चमकेसाठी नवी चित्रं काढलेलीच नाहीत. अक्षरं तीच, फक्त त्यांचे रंग क्रमाने बदलत जातात. आवाज मात्र महाग पडतो. अख्खा गेम 512 किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खुपसायच्या गेमच्या डबीत, बसवायचा, त्यात माणसांचा रेकॉर्ड केलेला आवाज म्हणजे चैनच. तो वाजत असताना चित्र जागच्या जागी थांबतं. पुढच्याच वर्षी 'सॉनिक 2'मध्ये खुद्द सॉनिक स्क्रीनवरून सुसाट धावतो आणि त्याच्या धावण्यातून अक्षरं उमटतात. मला सगळ्यांत आवडतो तो हाच. तिथे लोगो बघतानाच गेम सुरू झालेला असतो.

पण त्याच नावाचा सेगाने कुलपासारखाही वापर केला. मेगा ड्राइव्ह या सेगाच्या घरगुती गेमयंत्राच्या नंतरच्या आवृत्त्यांत अशी सोय होती की कार्ट्रिजमध्ये ठरल्या जागी 'SEGA' ही चार इंग्रजी अक्षरं सापडली, तरच गेम चालायचा. आणि आधी स्क्रीनवर झळकायचं की हा गेम सेगाचा किंवा सेगाच्या परवान्याने केलेला आहे. ॲकोलेड या अमेरिकन कंपनीने परवाना न घेता ती अक्षरं शोधून वापरली. सेगाने दावा लावला. 1992मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ॲकोलेडच्या बाजूने कौल दिला: गेम चालण्यासाठी ती अक्षरं लागतातच, मग त्यातून होणाऱ्या, गेम सेगाचाच आहे या गैरसमजाची जबाबदारी सेगाचीच. मला हा निकाल रास्त वाटतो.

1998च्या ड्रीमकास्ट या सेगाच्या पुढच्या यंत्रावर सगळा सूरच मवाळ झाला. उसळत येणारा ठिपका, त्यातून उलगडणारा नारिंगी भोवरा (युरोपात निळा) आणि संगीतकार रियुइची साकामोतोंनी रचलेला आवाज. इतकं देखणं स्वागत करणारं यंत्र टिकलं नाही, याची हळहळ अजून जात नाही. 2001मध्ये सेगाने अशी घरगुती गेमयंत्रं, म्हणजे कन्सोल, बनवणं थांबवलं आणि त्याच वर्षअखेरीस जपानमध्ये सॉनिक जुन्या प्रतिस्पर्धी निन्टेन्डोच्या गेमक्यूब या कन्सोलवर आला. निळी अक्षरं तीच, पण आता आधी यजमानाचा लोगो, मग सेगाचा. ज्यांनी त्या दोन कंपन्यांची चुरस जगली, त्यांच्या पोटात काय कालवलं असेल!

म्हणून सांगतो, लोगो काढू नकोस. दोनच सेकंद ठेव, पण तुझ्या गेममधलं पात्रच त्यात आण, आणि आवाज माणसाचा असू दे. वहिनी इतकं छान गातात, त्यांनाच विचार. पहिला कच्चा नमुना झाला की लगेच पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
मंदार