ओरडण्याआधी वहीत लिहा

महोदय,

स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजाराने कॉलेज अर्धवट सोडून घरात बसलेला विशी-पंचविशीतला मुलगा आणि त्याच्या वागण्याने गांगरलेले आईबाप, अशी घरं नाशिकच्या सिडकोत आहेत तशीच गंगापूर रोडलाही आहेत. त्यांना सल्ले मिळतात दोनच: ‘त्याच्याशी बोला’ किंवा ‘लग्न लावून द्या, सुधारेल’. दुसरा तर दोन घरं बुडवणारा. पण मुलगा आईने वाढलेलं ताट सरकवून देतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो, रात्रभर येरझारा घालतो, तेव्हा नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही.

आधी एक वही घाला. सवय कधी लागली, दिवसाच्या कोणत्या वेळी दिसते, झोप किती तास झाली, गोळी कधी घेतली, एवढं दोन आठवडे रोज लिहा. ‘विचित्र वागला’ असं नको. ‘रात्री दोन ते चार हॉलमध्ये फेऱ्या, बसवलं की मिनिटभरात उठला’ असं हवं. दिसायला एकच असलेली सवय वेगवेगळ्या कारणांनी लागते आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो.

या येरझाराच घ्या. त्या भीतीपोटी असू शकतात. पण औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवसांतच लागल्या असतील, उभ्या-उभ्या तो एका पायावरचा भार सारखा दुसऱ्या पायावर टाकत असेल, तर तो औषधाचाच दुष्परिणाम असू शकतो. अकॅथिशिया म्हणतात त्याला. घरचे ‘आजार वाढला’ सांगतात, मग डोस वाढतो आणि फेऱ्याही वाढतात. हा त्रास जीव नकोसा करणारा असतो. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा; डोस कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन तो आटोक्यात येतो. गोळ्या मनाने बंद मात्र करू नका.

जेवण नाकारण्यामागे बहुधा ‘यात काहीतरी कालवलंय’ ही भीती असते. अशा वेळी सगळ्यांच्याच पातेल्यातून त्याला स्वतःच्या हाताने वाढून घेऊ द्या. केळी, टरफलासकट उकडलेली अंडी, न फोडलेला बिस्किटपुडा तो खातो. वरणात किंवा चहात गोळी चुरून घालण्याचा उद्योग घरोघरी चालतो, तो बंद करा. एकदा उघडकीला आलं की त्याचा संशय खराच ठरतो. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या आणि पंधरवड्याने किंवा महिन्याने घ्यायची इंजेक्शनं मिळतात. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

कानातले इअरफोन हिसकावू नका. आवाज ऐकू येणारे अनेकजण गाण्यांनी ते दाबत असतात. ‘असं काही नसतं’ म्हणून वाद घालू नका, होला होही मिळवू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय’, एवढं पुरे.

अंघोळ न करणं हा बऱ्याचदा आळस नसतो, सुरुवात करण्याची ताकदच आजाराने गेलेली असते. बादली भरून, टॉवेल-कपडे काढून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा: ‘चल, पाणी काढलंय.’

तांब्यावर तांबे पाणी पीत असेल तर रक्तातली साखर आणि सोडियम दोन्ही तपासून घ्या. सोडियम फार उतरलं तर उलट्या, बरळणं, झटके येतात; तेव्हा तडक हॉस्पिटल गाठा. विडी-सिगारेटच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही या आजारावरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. म्हणून त्याने सिगारेट एकदम सोडली तर औषध अंगावर येऊन तो पेंगतो. हेही डॉक्टरांना कळवायचं. चघळायच्या तंबाखूने असं होत नाही.

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करायची असेल तर खुशाल करा, पण त्या तीन दिवसांतही गोळ्या चालू ठेवा. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटू लागलं की गोळ्या सोडल्या जातात. आजार उलटतो तो बहुतेकदा तिथेच.

रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा किंवा मारहाण सुरू झाली तर मात्र फोनवर न थांबता थेट हॉस्पिटल. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना ती वही, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या. ‘पांढरी, छोटी गोळी’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.

— मनोरुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते, नाशिक