कॅबिनेटचं मागचं दार

वेंगुर्ला,
वैशाख संपत आला

चि. मुक्ता हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू काढलेलं चित्र मिळालं. चवथीला घरात उभ्याने खेळायचं गेमचं कॅबिनेट हवं, असं तू आईला फोनवर सांगितलंस, तेव्हाच मी मनात प्लायचा हिशोब मांडायला घेतला होता. मुंबईहून काकांची पोरं येतील, वाडीतली असतीलच, भजन आटपलं की सगळी त्याच्याभोवती जमतील. हे काम मला मनापासून करायचं आहे. फक्त तुझ्या चित्रात मागची बाजू स्क्रू मारून कायमची बंद दाखवली आहेस, तेवढं मला पटलेलं नाही. मागे पूर्ण उंचीचं दार हवं आणि पुढचं बटणांचं पॅनेलही बिजागरीवर वर उचलता आलं पाहिजे. बाकी सगळं तू म्हणशील तसं करू, या दोन गोष्टींत माझं ऐक.

तू पुण्याला असणार. बिघाड होईल तो पावसात, आणि तेव्हा घरी असू मी आणि दादू. आपल्याकडची खारी हवा काय करते ते मी रोज बघतो. समुद्राकडे तोंड असलेल्या घराला लोखंडी बिजागऱ्या लावल्या तर दोन पावसाळ्यांत त्या कुरकुरायला लागतात आणि पुढे खिट्टीच गळून पडते. तुझ्या जॉयस्टिकमध्ये वर, खाली, डावी, उजवी अशा चार दिशांचे चार छोटे स्विच. एकाच्या आतल्या संपर्कावर गंज धरला की पडद्यावरचा माणूस फक्त डावीकडे जाईनासा होतो आणि पोरं म्हणतात मशीनच गेलं. खरं तर गेलेला असतो एक स्वस्तातला स्विच. हात आत पोचला तर पाच मिनिटांचं काम.

हे मी पोरवयातच बघितलं आहे. कुडाळला एका व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ लागला होता. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. पण त्यातल्या एका खेळाडूच्या नावावरून आम्ही सगळे त्याला मुस्तफाच म्हणायचो. तिघांना एकदम खेळता यायचं, म्हणून गर्दीही तिप्पट. एका संध्याकाळी मधली स्टिक वर जाईना. मालकाने गल्ल्यातली किल्ली आणली, कुलूप काढून पॅनेल उचललं आणि आत बॅटरी मारली. आत पातळ पत्र्याच्या पट्ट्यांचे स्विच होते. त्याने पोस्टकार्डाची बारीक पट्टी कापली, दोन पत्र्यांच्या मधे घालून बोटाने हलकं दाबलं आणि पट्टी ओढून काढली. पट्टीवर काळी रेघ उमटली होती. आणखी एकदा ओढली, रेघ फिकी झाली. पॅनेल खाली, कुलूप बंद. वर पडद्यावर गेम चालूच होता. मी तेव्हा सुतारकामाला लागलो नव्हतो, पण कपाट करताना आतल्या वस्तूपर्यंत हात कसा पोचेल हे आधी बघायची सवय मला तिथून लागली असं मला वाटतं.

आता मिळतात ते मायक्रोस्विच बंद डबीचे, त्यांत पट्टी घालता येणार नाही, स्विचच बदलावा लागेल. म्हणून वायरी सोल्डर करू नकोस. टोकाला पत्र्याचे लग (दाबून बसणाऱ्या टोप्या) लावून ते दाबून बसव, म्हणजे दादूला ओढून काढता येतील. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लाव, आणि कुठली वायर कुठे जाते त्याचा नकाशा मोठ्या अक्षरांत काढून दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. चार-सहा जादा स्विच पिशवीत घालून तिथेच अडकवून ठेव.

लाकडाचं माझ्यावर सोड. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, घ्यायचा नाही. गुळगुळीत असतो, रंग छान बसतो, कापायला सोपा, हे सगळं खरं, पण कडेतून एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही. आपल्या घरात आषाढात लादीसुद्धा घामेजते. मी आयएस ७१० या मानकाची मरीन प्लाय आणतो, अठरा एमएमची. तिच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते बघतात. तरी कापलेल्या कडा उघड्या राहता कामा नयेत, त्यांना दोन हात प्रायमर देईन. स्क्रू सगळे स्टेनलेसचे. खाली चार इंचांचे पाय, म्हणजे केरसुणी खालून फिरेल आणि वाळवीची माती चढायला लागली तर लगेच दिसेल. चिऱ्याच्या भिंतीपासूनही वीतभर पुढे ठेवायचं.

प्लाय जाड, त्याची एक अडचण आहे. तू दाखवलीस ती जॉयस्टिक मुळात पत्र्याच्या पॅनेलसाठी केलेली. अठरा एमएमच्या खाली बसवली तर दांडा वर पुरेसा येणार नाही, मूठ बुटकी राहील. मी खालच्या बाजूने राऊटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) तिच्या पाट्याएवढी खोबण काढतो आणि वर सहा-सात एमएम लाकूड ठेवतो. बटणंही नुसती दाबून बसणारी घेऊ नकोस, त्यांचे काटे एवढ्या जाडीत धरत नाहीत. खालून नट आवळायची घे. भोकं तीस एमएमची असतील तर तसा होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, माझ्याकडे आहे, पण एक बटण आधी पाठव. टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून बघितल्याशिवाय मी पॅनेलला हात लावणार नाही.

माळ्यावरचा जुना टीव्ही वापरूया, असं तू लिहिलंस. तो नको. बंद करून ठेवला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो, आणि मला तर मागचं दार पोरांसमोर उघडायचं आहे. ऑफिसात वापरायचे तसा जुना चौकोनी एलसीडी मॉनिटर बरा. आडवा की उभा, हे मात्र तू ठरव. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) आणि ‘पॅक-मॅन’ (१९८०) उभ्या पडद्याचे, मुस्तफा आडव्या. मॉनिटरच्या पाठीला चार भोकं असतात, त्यांत प्लायची पाटी आवळतो आणि ती पाटी चार पंखांच्या नटांवर बसवतो. मागचं दार उघडायचं, नट काढायचे, पाटी फिरवायची. पॅक-मॅनसाठी जॉयस्टिकही चारच दिशांची करावी लागते म्हणे, नाहीतर वळणावर तिरकी जाऊन माणूस अडकतो. तो बदलही खालूनच करायचा असेल, तर बघ, पॅनेल उचलता यायलाच हवं.

‘स्पेस इन्व्हेडर्स’बद्दल तू सांगितलंस ते मी दादूलाही सांगितलं. तो गेम बनवणाऱ्या निशिकादोच्या त्या मशीनला सगळे शत्रू एकदम हलवणं झेपत नव्हतं, एकेक मेला की उरलेल्यांचा वेग आपोआप वाढायचा, आणि त्याने तो तसाच ठेवला. मला हे फार आवडलं. आपल्या हातातली वस्तू काय करते ते नीट बघणारा कारागीर होता तो.

लाईटचं बघ. पावसात ती दिवसातून कितीदा जाते हे तुला माहीत आहे, आणि गेम चालवणारा तो छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय, चालू असताना अशी गेली तर त्याचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. इन्व्हर्टरवरून पॉइंट काढून देतो. पण इन्व्हर्टर चालू होताना मधे क्षणभर जातो तेवढाही त्याला चालतो का, ते तिथेच तपासून ये. पोरं खळ्यातून ओल्या पायांनी येणार, म्हणून अर्थिंगची तीन पिनची वायर हवी आणि त्या पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय मी मशीन चालू करू देणार नाही. गरम हवा जायला वर-खाली झरोके ठेवतो, त्यांना आतून बारीक स्टेनलेसची जाळी. पाली आणि मुंग्या उबेला येतातच.

गेम मात्र रीतसर घे. जुने पार्लरचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा मेम हा प्रोग्राम १९९७ पासून आहे आणि आता मुक्त आहे, तरी त्यावर चालणाऱ्या बहुतेक गेमांचे हक्क कंपन्यांकडेच आहेत. विकत मिळतात ते विकत घे, पैसे मी देतो.

बाजूंना छापील स्टिकर नको लावूया. सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे हात अजून आहेत. दशावतारी गंजिफाच्या १२० पानांवर ते दहाही अवतार रंगवतात, त्यांना एका बाजूला मत्स्य आणि दुसऱ्या बाजूला संकासुर काढून मागू. बटणांच्या पॅनेलची उंची अडतीस इंच धरली आहे, बारक्या पोरांना उभं राहायला फणसाचा पाट करून ठेवतो.

हे सगळं मृगाच्या आत कापून रंगवून झालं पाहिजे, बाय. एकदा पाऊस लागला की रंग आठ-आठ दिवस चिकट राहतो. तेव्हा मॉनिटरचं माप या आठवड्यात कळव. स्टँड काढून, काठापासून काठापर्यंत, लांबी, रुंदी आणि जाडी, आणि पाठीवरच्या भोकांमधलं अंतर. एमएममध्ये लिही, इंचात नको. बटण आणि जॉयस्टिक पार्सलने पाठव. आई विचारते आहे, आंब्याची पेटी कधी पाठवू.

तुझे,
बाबा