गावात आपलं आपण फिरता येईल असा एक नकाशा तरी काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली आणि साताऱ्याच्या जुन्या गावांसाठी मोठमोठ्या पर्यटन केंद्रांच्या घोषणा होत राहतात, त्या होऊ देत, पण माझी मागणी त्याहून खूप छोटी आहे. बाहेरून आलेल्या माणसाला स्वतःची गाडी घेऊन गावापर्यंत येता यावं, गाडी वेशीबाहेर लावून गाव पायी फिरता यावं आणि आपण उभे आहोत तिथं काय घडलं ते कुणाला न विचारता कळावं, एवढी सोय गावागावात करा. घडीचा नकाशा आणि जागेवर साध्या पाट्या. बस.

हे का म्हणतोय ते सांगतो. आमच्या पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या चौकात सुट्टीच्या दिवशी बाहेरगावची गाडी थांबते, काच खाली घेऊन विचारतात की इथं बघण्यासारखं काय आहे, आणि आपलीच माणसं सांगतात, "इथं काय नाय, सागरेश्वरला जावा, हरणं दिसतील." मी हे समोर उभा राहून ऐकलंय आणि मनाला फार लागलं. अहो, १९४३ ते ४६ इंग्रजांच्या नाकावर टिच्चून क्रांतिसिंह नाना पाटलांचं जे प्रतिसरकार, म्हणजे लोकांचं स्वतःचं सरकार चाललं त्याचं मुख्य ठाणं हे गाव! त्याच्या तुफान सेनेची, म्हणजे स्वयंसेवक दलाची पोरं इथं तयार झाली, न्यायदान मंडळं बसायची, कमी खर्चातली गांधी विवाहाची लग्नं लागायची. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती याच मिरज-पुणे लाईनवर, आणि शेणोली आज सातारा जिल्ह्यात तर कुंडल सांगलीत, पण तेव्हा हा सगळा एकच मुलूख होता, सातारा जिल्हा आणि त्यात मिसळलेली औंधसारखी संस्थानं. दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० ला मिळालं. म्हणून नकाशा काढायचा तर दोन्ही जिल्ह्यांनी मिळून काढावा, हद्दीपाशी येऊन थांबू नये.

आता असा एक रस्ता बघा. किर्लोस्करवाडी स्टेशनला उतरा किंवा गाडीनं या. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी इथं जागा दिली, तेव्हा निवडुंग आणि माळ होता, त्याच माळावर कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली आणि पुढं 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं महाराष्ट्रभर गेली ती याच वाडीतून. तिथनं कुंडल अगदी जवळ, तेही औंध संस्थानातलंच. आता लक्षात येतं का, भूमिगतांना या पट्ट्यात आसरा का मिळाला? संस्थानची हद्द लागली की ब्रिटिश पोलिसांचे हात आखडायचे. हे पुस्तकात वाचून नुसतं कळतं, पण वाडीतून कुंडलला गाडीनं गेलं आणि मग गावात पायी फिरलं की डोक्यात बसतं. कुंडलला झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ ही जैनांची तीर्थंही आहेत, डोंगर चढायची तयारी असेल तर सकाळी लवकर जावं.

पुढं सागरेश्वर. हे अभयारण्य माणसांनी हातानं झाडं लावून उभं केलंय, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यात आयुष्य घातलं, आणि पायथ्याला जुनी शंकराची देवळं आहेत तिथं बहुतेक लोक पाच मिनिटं थांबून निघतात. त्याच्या पलीकडं देवराष्ट्रे. १२ मार्च १९१३ ला यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला ते आजोळचं घर इथं आहे. साधं मातीचं घर, दारात वाकून जायला लागतं, आणि आत उभं राहिलं की ह्या घरातलं पोरगं देशाचा संरक्षणमंत्री झालं हे वेगळं सांगायला लागत नाही. मग कडेगाव, जिथं मोहरमला उंचच उंच ताबूत उठतात आणि त्यांच्या गळाभेटी होतात, बांधायचे मान हिंदू-मुसलमान दोघांकडं. पण मोहरमचा दिवस सोडून एरवी कुणी कडेगावात आलं तर ताबूत कुठं बांधतात, भेटी कुठल्या मैदानात होतात, हे सांगणारी एक पाटी तरी हवी की नको?

एवढं सगळं एका दिवसात आरामात होतं. नदीची आवड असणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी भिलवडी-औदुंबर करावं, अलीकडं दत्त आणि पलीकडं भुवनेश्वरी, मध्ये कृष्णा, आणि संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं ते तर नक्की बघावं.

आपलं आपण फिरणं आपल्याकडं काही नवीन नाही. समर्थांच्या अकरा मारुतींना लोक पिढ्यानपिढ्या जातात, चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर, मग बहे, शिराळा आणि कोल्हापूरकडचे मनपाडळे, पारगाव. कुणी गाईड घेत नाही, यादी पाठ असते, रस्ता विचारत जातात. आणि आताचं उदाहरण पाहिजे तर भिलारचं घ्या. ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव सुरू झालं, घराघरात पुस्तकं ठेवली, बाहेर रंगवलेल्या पाट्या लावल्या, तुम्ही पाटी बघत चालत जायचं, आत बसून वाचायचं. तिथं गावकऱ्यांनी घरं उघडली म्हणून जमलं, आणि मला तरी यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

उलट साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर बघा. विरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे १७१९ ते १७२४ ला बांधलेली, विहिरीतच महाल, दगडातले वाघ बघतच राहावेत असे. रील व्हायरल झाल्या आणि गर्दी लोटली, सुट्टीला गाड्या पार वस्तीत घुसतात. लोक विहीर बघतात, फोटो काढतात आणि निघतात, गावाच्या वाट्याला धूळ आणि रिकाम्या बाटल्या. गाडी कुठं लावायची आणि पायवाट कुठून हे नकाशावर ठळक छापलं असतं तर यातला निम्मा त्रास कमी झाला असता असं माझं ठाम मत आहे.

नकाशा कुणी करायचा? मला वाटतं एजन्सीला अजिबात देऊ नये, गुळगुळीत कागदावर नावं चुकवून ठेवतील. शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना द्या, सोबत एक शिक्षक आणि गावातली म्हातारी माणसं. कारण प्रतिसरकार स्वतः जगलेली पिढी आता जवळजवळ गेली. कुठल्या घराच्या माळ्यावर कोण लपलं होतं, भाकरी कुणाच्या चुलीवरनं जायच्या, निरोप घेऊन कुठली पोरगी रानातनं चालत जायची, हे त्यांच्या मुलांना आणि सुनांना माहीत आहे आणि तीही आता सत्तरी-ऐंशीला आली. आज लिहून घेतलं नाही तर पाटीवर लिहायला तरी काय राहणार? क्यूआर कोड लावा, त्याच माणसांच्या आवाजात ऐकायला मिळालं तर फारच छान, पण डोंगराकडंला रेंज जाते, म्हणून कागद पाहिजेच.

काही गोष्टी नकाशावर स्पष्ट लिहा. पिण्याचं पाणी कुठं, बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठं (हे नसलं की बायका दिवसभर पाणी न पिता फिरतात, कुणी बोलत नाही इतकंच). कुठलं घर आतून बघता येतं आणि कुठलं फक्त रस्त्यावरनं. माणसांचे फोटो विचारून काढा. गळीत हंगामात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि मागं लाईट नसतो. दुपारच्या जेवणाला बचत गटाचा नंबर छापा, आदल्या दिवशी फोन केला की भाकरी, पिठलं, खर्डा मिळेल, चार पैसे गावात राहतील.

ग्रामपंचायतींनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ठराव करून कामाला लागावं, खर्च फार नाही. आणि संपादक साहेब, आपल्या पेपरलाही विनंती आहे, रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या आणि दर आठवड्याला एका गावाचा पायी फिरायचा नकाशा छापा, सुरुवात कुंडलपासून करा. माहिती गोळा करायला मी आणि आमच्या इथली चार-पाच जणं कधीही यायला तयार आहोत.

आपला,
एक नियमित वाचक,
ता. पलूस, जि. सांगली