मुक्ता, घड्याळ घेण्याआधी हे वाच

प्रिय मुक्ता,

पळण्यासाठी घ्यायच्या दोन घड्याळांचे फोटो पाठवलेस, एक स्मार्टवॉच आणि एक स्पोर्ट्स वॉच, आणि खाली एवढंच लिहिलंस, "आई, कुठलं?" एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण एका शब्दाचं उत्तर तू आजवर कधी ऐकलं आहेस? म्हणून हे पत्र. शिवाय आणखी एक कारण आहे. तुझा मेसेज वाचल्या वाचल्या जे उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं, ते तुझ्या सोयीचं नव्हतं, माझ्या सोयीचं होतं. ते शेवटी सांगते.

आधी माझी फजिती ऐक. पहिल्या फुल मॅरेथॉनला माझ्या हातात स्मार्टवॉच होतं. आदल्या रात्री पूर्ण चार्ज केलेलं. सकाळी जीपीएस सुरू, घड्याळातलं सिम सुरू, कानात गाणी आणि मधूनमधून ग्रुपवरच्या शुभेच्छांनी मनगट थरथरतंय. माझा वेग तुला माहीतच आहे. साडेचार तास झाले, एकतीस किलोमीटर झाले आणि स्क्रीन काळी पडली. पुढचे अकरा किलोमीटर मी आंधळेपणानं काढले. कुठल्या पाण्याच्या टेबलानंतर किती जोर लावायचा, याचा सगळा हिशेब त्या घड्याळावर होता. चूक माझीच होती म्हण, गाणी आणि सिम बंद ठेवायला हवं होतं. पण जे विकत घेताना भुरळ घालतं तेच पळताना बंद ठेवायचं असेल, तर ते घेतलं कशाला, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

त्याचं उत्तर मला या घड्याळांच्या कुळात सापडलं. खाण तशी माती म्हणतात ना, तसंच आहे हे. 1982 मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीनं छातीचा पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ अशी बिनतारी जोडी बाजारात आणली. बर्फात स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंचे ठोके सराव चालू असतानाच मोजता यावेत, हा मूळ उद्देश. विमानं आणि बोटींना रस्ता दाखवणारी यंत्रं करणाऱ्या गार्मिननं 2003 मध्ये धावणाऱ्यांसाठी फोररनर आणलं, ते मनगटावर अक्षरशः डबी बांधल्यासारखं दिसायचं. ही झाली स्पोर्ट्स वॉचची घराणी: एक मोजमापाचं, एक दिशादर्शकाचं. ॲपल वॉच आलं 2015 मध्ये, आणि ते आलं फोनच्या घरातून. नंतर स्पोर्ट्स वॉच आणि स्मार्टवॉच या दोन्ही घरांनी एकमेकांच्या वस्तू पळवल्या. आज स्पोर्ट्स वॉचवर मेसेज दिसतात, गाणी वाजतात, झगझगीत रंगीत स्क्रीन असते. स्मार्टवॉचवर इंटर्व्हलचे, म्हणजे थोडं जोरात पळून थोडं थांबायचे, सराव बसवता येतात, काहींना जाडजूड बटणंही आली आहेत. दुकानातल्या उजेडात दोघं जुळी भावंडं वाटतील. फरक कळतो तो अडचणीच्या वेळी.

बॅटरीचंच बघ. ॲपलच्या नेहमीच्या वॉचला कंपनी वर्षानुवर्षं 18 तासांचा आकडा सांगत होती, आणि 2022 मध्ये आलेल्या दांडग्या अल्ट्राला 36 तासांचा. गार्मिनचं साधंसुधं फोररनर 55 घेतलं तर एरवी दोन आठवडे आणि जीपीएस सतत चालू ठेवून 20 तास, असं कंपनी म्हणते. कंपन्यांचे आकडे म्हणजे नव्या बॅटरीचे आणि लाडात वाढवलेल्या घड्याळाचे, हे धरून चाल. दोन वर्षांनी ते उतरतातच. पण 20 तासांतून चार-पाच तास उतरले तरी तुझी मॅरेथॉन होते. दिवसभर ऑफिसात मेसेज दाखवून दमलेलं स्मार्टवॉच संध्याकाळी पळायला निघताना 30 टक्क्यांवर असतं. आणि तुझी सवय मला माहीत आहे. तुझा फोन मी कधी 40 टक्क्यांच्या वर पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट बटणं. ही दुकानात कोणी सांगत नाही, आणि मला विचारशील तर निवडीचा निम्मा निकाल इथेच लागतो. तुझ्या सरांनी तुला आठ वेळा चारशे मीटर दिलेत ना? प्रत्येक चारशेच्या शेवटी लॅप घ्यायचा, म्हणजे त्या तुकड्याची वेळ घड्याळात नोंदवायची, नव्वद सेकंद थांबायचं, पुन्हा लॅप. आता डोळ्यासमोर आण. पाऊस पडतोय, अंगठा ओला, श्वास घशात अडकलेला, आणि तू काचेवर बोट फिरवते आहेस. टचस्क्रीनला पाण्याचा थेंब आणि बोट यातला फरक धड कळत नाही. माझ्या बाबतीत लॅपच्या ऐवजी गाण्यांचं पान उघडलं, ते मागे ढकलायला गेले तर व्यायामच थांबला, आणि "सेव्ह करायचं का?" असं घड्याळ विचारत असताना पुढच्या चारशेची वेळ निघून गेली. स्क्रीनला कुलूप लावण्याची सोय असते, पण मग लॅपही काचेआड जातो. स्पोर्ट्स वॉचची बटणं दिसायला गावंढळ, पण खालचं उजवं कुठे आहे ते अंगठ्याला न बघता कळतं. महिन्याभरात तू घड्याळाकडे न पाहता लॅप घ्यायला लागशील.

उन्हाचंही तसंच. काही स्पोर्ट्स वॉचची स्क्रीन फिकट, मळकट वाटते, तिला नावं ठेवू नकोस. ती बाहेरचाच उजेड परतवून दाखवते, म्हणून ऊन जितकं कडक तितकी ती स्पष्ट. शिवाय कायम चालू असते, मनगट झटकून तिला जागं करावं लागत नाही.

आता तू बोलताना ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त भर देतेस तिच्याकडे येते, हार्ट रेट. "स्पोर्ट्स वॉचचा हार्ट रेट जास्त अचूक असेल ना?" असं मागे विचारलं होतंस. इथे मी तुला निराश करणार. मनगटावरची दोन्ही घड्याळं एकाच युक्तीनं ठोके मोजतात. खालचे हिरवे दिवे त्वचेत उजेड सोडतात, रक्त तो हिरवा उजेड शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर किती उजेड परत आला ते कमीजास्त होतं, त्यावरून हिशेब. बसल्या जागी हे छान चालतं. पळताना हात हलतो, पट्टा उडतो, थंडीत बोटांकडचं रक्त आटतं, मग हिशेब चुकतो. एकदा मी मैत्रिणीबरोबर अगदी गप्पा मारत पळत होते आणि घड्याळ दाखवत होतं 172. मी तर घाबरलेच. मग तिनं सांगितलं, पावलं मोज. एका पायाची मोजली, दुप्पट केली, मिनिटाला बरोबर 172! घड्याळानं ठोक्यांऐवजी माझी पावलं पकडली होती. हे कुठल्याही कंपनीच्या, कितीही महागड्या घड्याळाचं होऊ शकतं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोटभर वर आणि पळताना एक घर घट्ट बांधला की बरंच सुधारतं. खरं औषध म्हणजे छातीचा पट्टा. तो हृदयाचे विजेचे ठोकेच पकडतो, म्हणून इंटर्व्हलमध्ये वेग एकदम वाढला तरी मागे पडत नाही. आणि ब्लूटूथनं तो बहुतेक स्मार्टवॉचना आणि स्पोर्ट्स वॉचना जोडता येतो. तेव्हा हार्ट रेटच्या जोरावर या दोघांत निवड करू नकोस.

त्या ठोक्यांवर रचलेले बाकीचे मजलेही जपून चढ. बरीच घड्याळं सुरुवातीला 220 वजा वय हाच तुझा कमाल हार्ट रेट धरतात. हे सूत्र गर्दीच्या सरासरीसाठी ठीक आहे. एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज हुकतं, आणि मग त्यावरून ठरवलेले सगळे झोन, म्हणजे हलक्या-जोराच्या पळण्याचे टप्पे, हुकतात. स्पोर्ट्स वॉचला व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं), ट्रेनिंग लोड (सरावाचा ताण), विश्रांतीचे तास असलं सगळं सांगायची फार हौस. मला एकदा तीन दिवस विश्रांती घे म्हणालं, आदल्या दिवशी मी फक्त जिने चढले होते. महिनोन्महिन्यांचा कल बघायला हे आकडे बरे. रोज सकाळी त्यांचा कौल लावू नकोस.

अंतराबद्दल एकच सांगते, कारण पहिल्या शर्यतीनंतर तू नक्की भांडायला येशील. हाफ मॅरेथॉन 21.0975 किलोमीटरची, आणि तुझं घड्याळ 21.3 की 21.4 दाखवेल. रस्ता चुकीचा मोजला असं सगळेच म्हणतात. प्रमाणित रस्ता मोजतात तो मापून घेतलेल्या सायकलनं, धावणाऱ्याला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेनं, आणि तो चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वर धरतात. तू मात्र वळणं बाहेरून घेणार, पाण्याच्या टेबलाकडे तिरकी जाणार. वर घड्याळ ज्यांच्याकडून जागा विचारतं ते उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, आणि उंच इमारतींवर आपटून आलेला त्यांचा संदेश थोडा उशिरा पोचतो. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारी घड्याळं हा गोंधळ बरीच निस्तरतात, आणि ती आता दोन्ही घराण्यांत मिळतात. तू उघड्या रस्त्यावर पळतेस. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस.

हे सगळं वाचून मी स्मार्टवॉचच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. बाबांना मी हट्टानं स्मार्टवॉचच घ्यायला लावलं. ते अर्धा तास चालतात, रात्री फोनबरोबर घड्याळही न चुकता चार्जला लावतात, आणि ठोके अनियमित वाटले तर घड्याळानं हटकावं हे त्यांच्या वयात बरं. ईसीजीही काढता येतो. ती सोय ॲपलनं 2018 मध्ये आणली, पण हार्ट अटॅक त्यातून ओळखता येत नाही, हे कंपनीच बजावून सांगते. बाबांना ते मी तीनदा वाचून दाखवलं, कारण त्यांना वाटत होतं आता डॉक्टरकडे जायलाच नको.

आता माझ्या सोयीचं उत्तर. तुझे दोन्ही फोटो पाहिल्या पाहिल्या मी मनात म्हटलं होतं, सिमवालं स्मार्टवॉच घे. पहाटे साडेपाचला तू एकटी बाहेर पडतेस. फोन घरी ठेवून गेलीस तरी हातातल्या घड्याळावर मी फोन करू शकेन, पडलीस तर तेच मदतीला फोन लावेल. काही स्पोर्ट्स वॉचही पडल्याचं ओळखतात, पण त्यांची हाक बहुधा फोनमार्फतच जाते. फोन जवळ नसला तर ते घड्याळ मुकं. एवढ्या एका कारणासाठी मी वरची सगळी कारणं बाजूला ठेवायला तयार होते.

मग आठवलं की गेल्या महिन्यात तू लाँग रनला असताना मी दोनदा फोन केला होता. एकदा गॅसचा नंबर लावलास का विचारायला, आणि दुसऱ्यांदा पहिला फोन का उचलला नाहीस म्हणून. परत आल्यावर तू म्हणालीस, "आई, तो दीड तास मला कोणी काही विचारत नाही, म्हणून तर जाते." तू ते सहज बोललीस, मला मात्र लागलं होतं. आता विचार करते तर माझंही तसंच होतं. तू लहान असताना मी पळायला लागले ती तब्येतीसाठी, असं सगळ्यांना सांगायचे.

तर मुक्ता, स्पोर्ट्स वॉच घे. फोटोतलं काळं, पाच बटणांचं. त्यावरची मेसेजची सूचना पहिल्याच दिवशी बंद कर. फक्त कमरेच्या पट्ट्यात फोन घेऊन जा, तो सायलेंटवर असला तरी चालेल, आणि घड्याळाच्या ॲपमधून तू कुठे आहेस ते मला दिसेल असं करून ठेव. नकाशावर घर दिसू नये म्हणून फाटकापासून थोडं पुढे जाऊन सुरू कर, आणि पळून झाल्यावर सगळ्या जगाला नकाशा दाखवत बसू नकोस. 2018 मध्ये स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून चक्क लष्करी तळ ओळखू आले होते. तुझं घर शोधणं त्याहून सोपं.

मी तो ठिपका बघत बसेन, फोन करणार नाही. दोनदा करणार नाही, एवढं तरी नक्की.

आणि घाई करू नकोस. माझं जुनं स्पोर्ट्स वॉच पाठवते आहे, दोन महिने तेच वापर. बटणं अंगवळणी पडली तर नवं घे, नाहीतर स्मार्टवॉच घे, मी काही बोलणार नाही. छातीचा पट्टाही त्याच डब्यात आहे. बांधण्याआधी आतली बाजू पाण्यानं ओली कर, नाहीतर पहिली दहा मिनिटं वाटेल ते आकडे दाखवतो. घड्याळाचं खालचं डावं बटण जरा घट्ट झालंय, घामाचं मीठ बसलंय. कोमट पाण्याखाली धरून पाच-सहा वेळा दाब, सुटेल.

तुझी,
आई